पहिली सही कोणाचीच नाही

गेल्या महिन्यात एका सकाळी ग्रामसेवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, चैतू कोतवाल गेला. घरीच गेला, खाटेवर, झोपेत. खाली लगेच जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. मग कोणीतरी लिहिलं, "फोटो टाका कोणी, श्रद्धांजलीचा मेसेज करायचा आहे." तासाभरानं पुन्हा, "कोणाकडेच नाही का?"

कोणाकडेच नव्हता. मी माझा जुना मोबाइल चार्जिंगला लावून शोधलं. एका फोटोत ग्रामपंचायतीची पायरी आहे, पायरीवर कॅमेऱ्याकडे रोखलेला एक तळहात आहे, आणि तळहातामागं डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याचं टोक. एवढाच चैतू.

तेव्हा त्याचं चित्र शब्दांतच काढावं लागणार. जरा भीतभीतच काढते आहे, कारण नावानिशी काही लिहिलेलं त्याला चालत नसे. म्हणून आधीच सांगते, चैतू हे त्याचं खरं नाव नाही. गावाचंही नाव लिहीत नाही. गडचिरोली जिल्ह्यात, छत्तीसगडच्या अंगाला, डांबरी रस्ता संपल्यावर आणखी एक नाला ओलांडून ते गाव आहे, एवढं पुरे.

मी वडशाची. अब्बा शिंपी. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे पडदे आणि कपडे आमच्या घरी शिवले जातात. माझ्याआधी घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. मी पदवीधर झाले, परीक्षा दिली, ग्रामसेविकेची नेमणूक मिळाली, तेव्हा अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. नेमणुकीच्या गावाचं नाव कळल्यावर मात्र दोन दिवस धड जेवले नाहीत. निघताना म्हणाले, नोकरी सोडू नको, पण तिथं कोणाबद्दल कोणाजवळ काही बोलू नको. पहिलं मी ऐकलं. दुसरं मला जमलं नाही, ते पुढं येईलच.

पहिल्या दिवशी कार्यालय उघडलं तर चौकटीत एक माणूस बसलेला. एक पाय आत, एक बाहेर. पन्नाशीचा, काटकुळा, पाठ चौकटीला आणि तोंड वाटेकडं.

"कोतवाल का?" मी विचारलं.

"कोतवालच म्हनतात."

"नाव काय तुमचं?"

"कोतवाल लिहा नं जी."

"अहो, नाव लागेल ना मला."

"तहसीलात लिहून हाय. एका जागी लिहून हाय तेवढं पुरे."

तहसीलचा सर्वांत खालचा नोकर म्हणजे कोतवाल. सारावसुलीची वर्दी द्यायची, साहेब आले की पाणी भरायचं, कागद इकडून तिकडं न्यायचे, दवंडी द्यायची. चैतू हे सगळं करत असे, पण कोणाचंही नाव न घेता. माणसांना तो जागेनं आणि नात्यानं ओळखे. "चिंचेखालचा आला होता." "त्या दोन बैलवाल्याच्या सासऱ्याले ताप हाय." मी एकदा घरपट्टीची यादी वाचत असताना तो उठून बाहेर गेला आणि यादी संपल्यावर परत आला. मला त्याचा राग येई. एखादा माणूस इतका लपवतो म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी असणारच, असं मला वाटे.

दवंडी तो रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर काठी मारून देई. मी लिहून दिलेला मजकूर तो कधी जसाच्या तसा बोलला नाही. गोंडीत सांगे, मग माझ्याकडं एक नजर टाकून मराठीत सांगे, "सरकार म्हनून राह्यलं का उद्या डाक्टर येईल. लहान लेकराईले सुई देईल. सरकार म्हनते. येईल का नाई, मले माहीत नाई."

"अहो, असं काय सांगता? येणारच आहेत ते," मी म्हणे.

"मागच्या बारीले बी येनारच होते. लोकं दिवसभर बसले. मंग शिव्या कोनाले? मले. म्हनून सरकारचं सरकारजवळ ठेवतो, मायं मायाजवळ."

डॉक्टर खरंच आले की तो पुन्हा डबा वाजवत निघे. "आले बा, आले! म्या म्हनलं होतं का नाई येत? म्या काहीच नाई म्हनलं." बायका दारात उभ्या राहून हसत. हसत, पण त्याला घरात कोणी बोलावत नसे.

हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तो कोणाकडं पाणीही पीत नसे. खांद्याला वाळक्या भोपळ्याचा तुंबा, त्यातलं स्वतःचं पाणी. मी एकदा चहा पुढं केला तर म्हणाला, "एकाच्या घरचा पेलो तं दुसरा इचारते, तिथी काऊन बसला. नको." गावात जाताना एका वाटेनं जाई, येताना दुसऱ्या. पाणंद सोडून शेताच्या धुऱ्यानं, बांधावरून, चाले.

मी पाटलीणबाईच्या घरी एका खोलीत राहत होते. पाटलीणबाई गावच्या पोलीस पाटलाची बायको. तिचा नवरा माझ्या येण्याच्या तीन वर्षं आधी मारला गेला होता. ती आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, मराठी छान बोले. आवाज खणखणीत. पहिल्याच आठवड्यात तिनं मला तोंडावर विचारलं, "बाई, खरं सांगा, तुमी पोलिसाईच्या का?"

"नाही हो. मी शिंप्याची."

"शिंप्याची पोरगी जंगलात काऊन येईल?"

"नोकरीसाठी."

"हं," ती म्हणाली. पटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून भाजीची वाटी माझ्या खोलीत येऊ लागली.

चैतू अंगणाच्या कडेनं जाताना दिसला की ती सूप आपटून आत जाई आणि दार ओढून घेई. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तो मायाच नवऱ्याचा लहान भाऊ होय." मग थोडं थांबून, "आन् त्यानंच त्याले मारला."

झालं होतं ते असं. गावांनी ठराव करावा, की आमच्या गावात बंदूकवाल्यांना जेवण नाही, मुक्काम नाही, आमची पोरं त्यांच्यात देणार नाही, अशी सरकारची योजना होती. त्याला गावबंदीचा ठराव म्हणत. ठराव झाला की गावाला विकासाचा निधी मिळे. पाटलानं पुढाकार घेऊन तो ठराव केला होता. पहिली सही त्याची. कागद तालुक्याला पोचवला चैतूनं, कारण कागद पोचवणं कोतवालाचं काम. पंधरा दिवसांनी सकाळी पाटील शेतातल्या मांडवाजवळ मेलेला सापडला. त्या दिवसांत तो त्या मांडवात झोपतो हे घरच्यांनाच माहीत होतं.

"कागद यानं नेला," पाटलीणबाई म्हणाली. "त्याच वाटेनं नेला. नेला आन् धडधाकट परत आला. कसा आला?"

तो परत आला हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होता. सारं गाव तेच म्हणे. आणि मी, शिकलेली, शासनाची नोकर, मीही तेच धरून चालले. नंतर त्याच्या प्रत्येक गोष्टीला मला तसाच रंग दिसू लागला. नाव का सांगत नाही? वाटा का बदलतो? मोबाइल पुढं केला की हात आडवा का घालतो? एकदा नाल्याकडं गेले असताना तो पलीकडच्या काठावर दोन अनोळखी माणसांशी बोलताना दिसला. मला बघताच ती दोघं झाडीत गेली. त्याच आठवड्यात तो पोलीस मदत केंद्राच्या ओट्यावर चहा पिताना दिसला. माझ्या घरचा चहा नको, आणि तिथला चालतो!

मदत केंद्रावर एक तरुण साहेब होते, फौजदार, कोल्हापूरकडचे. माणूस भला. त्यांनी केंद्रात एक खिडकी उघडली होती. तिथं आधार, जातीचा दाखला, बँकेचं पुस्तक, सगळ्याचे अर्ज भरून मिळत. लोक आधी लांबून बघत, मग येऊ लागले. मी दाखल्यांच्या कामाला तिथं गेले असताना साहेबांनी सहज विचारलं, "मॅडम, तुमचा कोतवाल कसा माणूस आहे हो?"

आणि मी म्हणाले, "काय सांगू सर. कुठं जातो, कोणाला भेटतो, काही सांगत नाही. परवा नाल्यावर दोघांशी बोलत होता."

साहेबांनी मान हलवली आणि समोरच्या वहीत काहीतरी लिहिलं. ते लिहिणं बघितलं तेव्हाच वाटलं, बोलायला नको होतं. पण शब्द तोंडातून गेला होता.

दुसऱ्या दिवशी चैतूला बोलावलं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बाकावर बसवलं. मारलं नाही, ओरडले नाहीत, फक्त तेच तेच विचारत राहिले. दाखल्यांना आलेल्या लोकांनी बघितलं आणि गावभर झालं, की कोतवाल दिवसभर पोलिसांकडं बसला. त्या एका दिवसानं त्याचं काय होऊ शकत होतं, हे मला आता कळतं. तेव्हा अर्धंच कळलं.

पुढच्या सकाळी तो नेहमीसारखा चौकटीत बसलेला. मी मान खाली घालून कुलूप काढलं.

"चैतूभाऊ, माझ्यामुळं..."

"माहीत हाय."

"मी फक्त जे दिसलं ते सांगितलं."

"हाव. खोटं नाई बोलल्या तुमी." त्यानं वाटेकडं बघत तंबाखू मळली. "दोघंच होते. कोन होते ते तुमाले सांगितलं असतं तं तुमाले माहीत झालं असतं. मंग साहेबानं तुमाले बसवलं असतं बाकावर. बाक मोठा कडक हाय जी."

एवढं बोलून त्यानं विषय बंद केला. ती दोघं कोण होती, तो त्यांच्याशी काय बोलला, हे मला आजपर्यंत कळलं नाही.

त्या उन्हाळ्यात गावात कुजबुज वाढली. जंगलात बैठका होत होत्या आणि घरटी एक पोर मागितलं जात होतं. पाटलीणबाईची मुलगी आश्रमशाळेतून दहावीची परीक्षा देऊन घरी आली होती. उंच, धावण्यात पहिली येणारी. दोन वेळा तिला नाल्यावर कोणीतरी थांबवून गोड बोललं. तुझ्या बापाला चुकून मारलं, आता तू ये, आम्ही शिकवू, असं. पोरीनं आईला सांगितलं. त्या दिवशी पाटलीणबाईच्या घरात चूल पेटली नाही.

तिनंच मला विचारलं, "तो ठराव पुन्ना होते का?"

मी साहेबांना सांगितलं. साहेबांना हवंच होतं. त्यांनी छापील नमुना पाठवला आणि मी रजिस्टर आखलं. अनुक्रमांक, नाव, सही किंवा अंगठा, शेरा. नीट, पट्टीनं, जशी मला शाळेत सवय लावली होती तशी.

चैतूनं दवंडी दिली. "सरकार म्हनते ठराव करा. गाव काय म्हनते ते गावानं पाहावं." गोटुलात, म्हणजे गाव जिथं एकत्र बसतं त्या मोठ्या झोपडीत, सगळे जमले. मी ठराव वाचला, रजिस्टर मध्ये ठेवलं, पेन त्याच्यावर ठेवलं. कोणी उठलं नाही. अर्धा तास गेला. मी म्हटलं, "कोणीतरी सुरुवात करा." तेव्हा एक म्हातारा हळूच म्हणाला, "सुरुवात केली होती नं बाई, एकानं."

सभा उठली. माझ्या पट्टीनं आखलेल्या पहिल्या ओळीत मी एक माणूस उभा करायला निघाले होते, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

चैतू रजिस्टर घेऊन चौकटीत बसला. उलटं धरून बघितलं, सुलटं धरून बघितलं.

"बाई, हा एक आकडा काढून टाका."

"एक काढला तर दोन पहिला होईल."

"मंग दोन बी काढा."

"मग तीन."

"हं." तो कागदाच्या चारी कडांवरून बोट फिरवत राहिला. कागद मांडीवरच होता. मध्येच विचारलं, "लोकं गोटुलात बसते तं पहिला कोन बसते?"

"म्हणजे?"

"गोल बसते नं. पहिला कोन?"

आठ दिवसांनी पुन्हा सभा झाली. या वेळी चैतूनं घरून जेवणाची थाळी आणली होती. त्यानं मोठा कोरा कागद जमिनीवर पसरला, मध्ये थाळी पालथी घातली, पेन्सिलनं भोवती रेघ ओढली. मला म्हणाला, "ठराव या गोलात लिहा. लोकं भवताल अंगठे मारतील. वर नाई, खाली नाई." मी लिहिला. अक्षर बारीक करावं लागलं. लोक मान लांब करून बघत होते. कोणीतरी म्हणालं, कोतवालानं कागदाची पत्रावळ केली. पण पुढं आलं कोणीच नाही.

तेव्हा पाटलीणबाई उभी राहिली.

"कागद बरा हाय. नेईल कोन?"

लोक चैतूकडं बघू लागले.

"कोतवालच नेईल नं? मागच्या बारीले यानंच नेला. अंगठे भवताल मारा का चुलीत मारा, नेनारा हाच." मग ती चैतूकडं वळली. चार वर्षांत तिनं त्याच्याकडं तोंड करून काही विचारलं असेल तर ते तेव्हा. "मले एक सांग. बाजारात तो बोर्ड लागला होता, त्याच्यावर माया नवऱ्याचा फोटो होता. तो फोटो कोनं देला?"

मला बोर्डाचं काही माहीत नव्हतं. शेजारच्या बाईनं कानात सांगितलं. ठराव झाल्यावर तालुक्याच्या एका हौशी पुढाऱ्यानं आठवडी बाजाराच्या तोंडाशी अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता. वर स्वतःचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि मध्ये पाटील. शूर गावकऱ्याचं हार्दिक अभिनंदन. गावाच्या नावासकट.

चैतू उठला. डोक्याचा दुपट्टा काढला.

"म्या देला."

मागचे लोक ऐकायला पुढं सरकले.

"जंगलजमिनीच्या पट्ट्याचे कागद मायाजवळ होते. त्याच्यात भाऊचे चार फोटो होते. त्या पुढाऱ्यानं एक मांगितला. म्हने, तुह्या भावाचं नाव साऱ्या जिल्ह्यात होईल." त्याचा आवाज दवंडीचा राहिला नव्हता. "मले बरं वाटलं. देला. बोर्ड लागला तं मी बाजारात त्याच्यासमोर उभा राह्यलो. लोकाईले बलावून बलावून दाखवलं, हा पाहा, हा माया भाऊ होय. साऱ्याईले नाव सांगितलं. कोन कोन ऐकून राह्यलं होतं, मले काय माहीत."

"आन् मांडव? मांडवातच झोपते, हे कोनं सांगितलं?"

"एकानं इचारलं, पाटील भेटन कुठी? मले वाटलं, सत्कार कराले येत असन."

साहेबांची वही माझ्या डोळ्यांसमोर आली. मीही खोटं बोलले नव्हते.

पाटलीणबाई त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. मग विचारलं, "हे तू काऊन नाई सांगितलं?"

"कोनी इचारलं नाई. सारे माया मांगून बोलत. आज तू तोंडावर इचारलं."

"चार वर्सं मी तुले त्याईचा मानूस समजत होतो," पाटलीणबाई म्हणाली.

"माहीत हाय."

"आता बैल समजतो."

मागं कोणीतरी फसकन हसलं, आणि मग बरेच जण हसले. चैतू हसला नाही, तीही नाही. ती कागदाजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, शाई काढा."

माणसं उठून कागदाभोवती येऊ लागली तेव्हा चैतू माझ्याजवळ आला. "बाई, तुमी जरा भिंतीकडं पाहा."

"का?"

"पाहिलं नाई तं सांगावं नाई लागत."

मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. मागं पावलांचा, बांगड्यांचा, म्हाताऱ्यांच्या खोकल्याचा आवाज होत होता. मला कुडाच्या काड्या दिसत होत्या आणि मातीवर चढणारी एक मुंगी. "झालं," म्हटल्यावर वळले तर गोलाभोवती निळ्या अंगठ्यांची झालर लागलेली होती. अधूनमधून वाकडीतिकडी सही. पहिला अंगठा कोणाचा, मला माहीत नाही. देवाशप्पथ माहीत नाही.

दोन अटी गावानं तोंडी ठरवल्या. सत्कार, फोटो, बोर्ड, बातमी, काही नाही. आणि बंदूक पोलिसांची असली तरी तिचा मुक्काम शाळेत आणि गोटुलात नाही. दुसरी अट ऐकून मी घाबरले. "साहेबांना काय वाटेल?" चैतू म्हणाला, "काय वाटते ते इचारून येतो. त्याचाच तं चहा पेलो होतो. माया गावात कोन आलं ते मले इचारू नका, आन् गावाचं काही बिघडलं तं मीच येऊन सांगीन, हे सांगाले गेलो होतो. चहा नाई म्हनलं तं त्याले बी संशय आला असता."

पुढचं मी फोनवरून ऐकलं, कारण त्याच आठवड्यात माझा आरमोरी तालुक्यात बदलीचा आदेश आला. साहेबांनी सांगितलं, की पाटलीणबाई आणि कोतवाल दोघं कागद घेऊन आले. साहेबांनी कागद गोल गोल फिरवला आणि विचारलं, "काका, याची सुरुवात कुठून?" चैतू म्हणाला, "कुठूनबी करा, साहेब." शाळेच्या अटीवर साहेब तासभर अडले. त्यांना वाटलं ही अट गावाची नाही, दुसऱ्याच कोणाची आहे. शेवटी पाटलीणबाईनं विचारलं, "तुमाले आमचा भरवसा नाई, तं आमी तुमाले कागद काऊन देऊन राह्यलो?" साहेबांनी अट मान्य केली, आणि ते तिथं होते तोवर पाळली, असं त्यांनी सांगितलं. वरून ठराव परत आला होता, अनुक्रमांकानुसार सह्या घेऊन फेरसादर करावा म्हणून. साहेबांनी उत्तर लिहिलं, की सर्व ग्रामस्थांनी एकाच वेळी सह्या केल्या असल्यानं अनुक्रमांक देता येत नाही. फोटोही पाठवला नाही. त्याबद्दल त्यांनी बोलणी खाल्ली असावीत, पण ते मला त्यांनी सांगितलं नाही.

जंगलातून विचारणा झाली. पाटलीणबाईनं फोनवर सांगितलं, की मोहफुलं वेचायला गेलेल्या म्हाताऱ्याला थांबवून विचारलं, पहिली सही कोणाची? म्हातारा म्हणाला, माहीत नाही. दुसऱ्यांना विचारलं, तेही म्हणाले माहीत नाही. चैतूला तर दोनदा विचारलं. खोटं बोलायचं असतं तर कोणीतरी अडखळलं असतं. पण चारी बाजूंनी एकदमच अंगठे उमटले होते, खरंच कोणालाच माहीत नव्हतं. गावातलं कोणी जिवानिशी गेलं नाही, की जंगलात गेलं नाही. पाटलीणबाईची मुलगी आता गडचिरोलीत नर्सिंग करते आहे.

मी चैतूला शेवटचं पाहिलं ते तो कागद मदत केंद्राला न्यायच्या दिवशीच. माझं सामान जीपमध्ये टाकून मी सकाळी निघाले होते. मदत केंद्र नऊ-दहा किलोमीटर. नाला ओलांडून थोडं पुढं गेल्यावर दोघं रस्त्यानं चालताना दिसले. पाटलीणबाई पुढं, कागद तिच्या पदरात गुंडाळलेला. वीसएक पावलं मागं चैतू. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि हाक मारली, "चैतूभाऊ, चला, सोडते."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू ग्रामसेविका नावाचा प्राणी त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. ड्रायव्हरला हातानं इशारा केला, जा म्हणून.

जीप पुढं निघाली. मी मागच्या काचेतून बघत राहिले. पाटलीणबाई थांबली. चैतूही जिथल्या तिथं थांबला. तिनं वळून हातानं त्याला पुढं बोलावलं. तो आला नाही. तिनं पुन्हा बोलावलं, या वेळी काहीतरी ओरडून. तेव्हा तो तिच्या बाजूनं, अंग चोरून, पुढं गेला, आणि ती त्याच्या मागून चालू लागली, अगदी जवळून, पाठीवर नजर ठेवून. तो निसटू नये म्हणून तिनं त्याला पुढं घातलं, की मागून कोणी त्याला गाठू नये म्हणून, हे मला तेवढ्या लांबून कळलं नाही. रस्ता वळला, आणि दोघंही सागाच्या आड गेले.